सहा आकडे आणि मधला माणूस

ऑगस्ट २०२३ मध्ये सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या काही खातेदारांना आपल्याच खात्यात शिरता येईना. पासवर्ड बरोबर होता, खात्यात पैसे होते, फोनही नेहमीचाच होता. अडचण फोनमधल्या भलत्याच एखाद्या ॲपची होती. बँकेनं आपल्या ॲपमध्ये नवा पहारा बसवला होता. गूगल प्लेसारख्या अधिकृत दुकानाबाहेरून आणलेलं आणि जोखमीच्या परवानग्या घेतलेलं एखादं ॲप अँड्रॉइड फोनवर दिसलं, की बँकेचं ॲप दार लावून घ्यायचं. आधी ते ॲप काढा, नाहीतर त्याच्या परवानग्या काढा, मग आत या.

लोक चिडले. माझ्या फोनवर मी काय ठेवावं हे बँक कोण सांगणार, आणि मुळात तिला ते दिसतं कसं, असे प्रश्न झाले. बँकेनं सांगितलं, की आम्ही ग्राहकाच्या फोनवर पाळत ठेवत नाही आणि वैयक्तिक माहिती गोळा करत नाही. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे मॉनेटरी ऑथॉरिटीनं, ओसीबीसीची बाजू उचलून धरली. पाठोपाठ इतर मोठ्या बँकाही त्याच वाटेनं गेल्या.

यातली एक गोष्ट त्या गदारोळात मागे राहिली. हे ॲप केवळ शिल्लक बघायचं ॲप नव्हतं. पैसे पाठवताना 'हो, मीच' असं सांगणारी दुसरी किल्लीही त्याच ॲपच्या पोटात होती. एके काळी ही किल्ली वेगळी मिळायची, की-चेनला लटकायची आणि तिला तुमच्या आयुष्यातलं काहीही ठाऊक नसायचं. ती किल्ली फोनमध्ये कशी शिरली आणि शिरताना तिला काय काय कळू लागलं, हा गेल्या वीस वर्षांचा इतिहास आहे. तो सिंगापूरमध्ये फार स्पष्ट दिसतो. देश छोटा, निर्णय वरून खाली येतात आणि प्रत्येक निर्णयाला तारीख असते. तुम्ही न्यू जर्सीत असा, मेलबर्नला असा नाहीतर दुबईत. तुमच्याकडेही हेच झालंय, फक्त तारखा विखुरलेल्या आहेत.

दोन खुणा एकत्र जुळल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही कल्पना आपल्याला नवी नाही. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे विसरतो. मराठेशाहीतल्या पत्रांवर वरच्या अंगाला शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. शिक्का सांगे पत्र कोणाचं, मोर्तब सांगे की पत्र इथे संपलं. त्याखाली कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या आपल्या नव्हेत. पुढे एकोणिसाव्या शतकात टपालानं पैसे पाठवताना नोट मधोमध कापून आधी एक अर्धुक पाठवायचं आणि ते पोचल्याचं कळलं की दुसरं, अशीही रीत हिंदुस्थानात होती. एक अर्धुक चोरीला गेलं तरी चोराच्या हाती कागदच. या जुन्या पद्धतींत खूण आपलं काम करी आणि गप्प बसे. पत्र कोण वाचतं, कुठे बसून वाचतं, त्याच्या घरी आणखी कोणाची पत्रं येतात, याची नोंद मोर्तबाकडे नसे.

सिंगापूरमध्ये सरकारी कामांसाठी एकच लॉगिन, सिंगपास, मार्च २००३ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्याला फक्त ओळख क्रमांक आणि पासवर्ड लागे. ओळख क्रमांक म्हणजे नागरिक आणि कायम रहिवाशांचा एनआरआयसी, आणि आपल्यासारख्या कामाच्या पासवर आलेल्यांचा एफआयएन. बँका त्या मानानं लवकर सावध झाल्या, किंवा त्यांना सावध केलं गेलं. नोव्हेंबर २००५ मध्ये मॉनेटरी ऑथॉरिटीनं सांगितलं, की इंटरनेट बँकिंगला २००६ संपेपर्यंत दुहेरी पडताळणी हवी. मग घरोघरी टपालानं छोटी टोकनं आली. बटण दाबलं, की छोट्या पडद्यावर सहा आकडे.

या टोकनचं काम कसं चालतं ते एकदा समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. टोकनच्या पोटात एक गुप्त आकडा असतो, त्याचीच प्रत बँकेकडे असते. टोकन तो गुप्त आकडा आणि घड्याळातली वेळ, किंवा आतापर्यंत किती वेळा बटण दाबलं ती मोजणी, यांचं एक ठरलेलं गणित करतं आणि उत्तराचे शेवटचे काही आकडे दाखवतं. बँक आपल्या बाजूला तेच गणित करते. उत्तरं जुळली, की दार उघडतं. या गणिताची रीत गुप्त नाही. मोजणीवर चालणारी पद्धत डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२२६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात आणि घड्याळावर चालणारी मे २०११ मध्ये आरएफसी ६२३८ मध्ये, कोणालाही वाचता येईल अशी, प्रसिद्ध झाली. आज तुमच्या फोनवर दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे येतात ते याच दुसऱ्या पद्धतीनं.

म्हणजे हे काम करायला काय लागतं? एक गुप्त आकडा आणि एक घड्याळ. इंटरनेट लागत नाही. तुमचं नाव, फोन नंबर, ईमेल, चेहरा, ठिकाण, फोनमधली नाववही यांतलं काहीही लागत नाही. त्या जुन्या टोकनला ना अँटेना होता ना कॅमेरा. त्याला हवं असतं तरी त्यानं कोणाला काही सांगितलं नसतं. त्याचे दोष होते. ते हरवायचं, त्याची बॅटरी संपायची, तीन बँकांची तीन टोकनं ड्रॉवरमध्ये लोळायची आणि भारतात सुट्टीवर गेल्यावरच आठवायचं की ते क्लेमेंटीच्या घरी राहिलंय. पण चोंबडेपणा हा त्याचा दोष नव्हता.

सरकारी बाजूला मात्र एकच पासवर्ड बराच काळ चालला. जून २०१४ मध्ये जाहीर झालं, की १,५६० सिंगपास खात्यांत कोणीतरी परवानगीशिवाय शिरल्याची शक्यता आहे. काही लोकांना आपण न मागितलेली पासवर्ड बदलल्याची पत्रं आली, त्यावरून हे लक्षात आलं. यंत्रणा फुटल्याचा पुरावा नव्हता; खात्यांचे पासवर्डच कमकुवत असावेत, असं सरकारचं म्हणणं पडलं. त्यानंतर चक्रं फिरली. जुलै २०१५ मध्ये सिंगपासला दुहेरी पडताळणी आली आणि वर्षभरानं, जुलै २०१६ पासून, संवेदनशील कामांसाठी ती सक्तीची झाली. दोन पर्याय होते: वनकी नावाचं टोकन, नाहीतर फोनवर एसएमएसनं येणारा ओटीपी.

बहुतेकांनी अर्थातच एसएमएस निवडला, आणि सोयीपायी पहिली मोठी देवघेव तिथे झाली. टोकनला नंबर नव्हता. एसएमएसला तुमचा फोन नंबर लागतो. फोन नंबर ही केवळ पत्ता सांगणारी गोष्ट नाही. माणूस पासवर्ड बदलतो, घर बदलतो, नोकरी बदलते, नंबर मात्र दहा-दहा वर्षं तोच ठेवतो. दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वह्यांतला 'तोच माणूस' जोडायला यापेक्षा चांगला धागा नाही. हे जाहिरातवाल्यांना आपल्या आधी कळलं. लोकांनी खातं सुरक्षित राहावं म्हणून दिलेले नंबर फेसबुकनं जाहिरातींसाठी वापरले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या कंपनीला जो पाच अब्ज डॉलरांचा दंड केला, त्या प्रकरणात हाही एक आरोप होता. ट्विटरनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असंच घडल्याचं कबूल केलं आणि मे २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणात सुरक्षेच्या नावाखाली नंबर किंवा ईमेल दिलेले १४ कोटींहून अधिक लोक होते. कुलूपवाल्याला घराचा पत्ता द्यावा आणि त्यानं तो फेरीवाल्यांना वाटावा, असा हा प्रकार. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत निर्लज्ज, कारण इथे सुरक्षेची निकड होती म्हणूनच लोकांनी हात पुढे केला होता.

आपल्या लोकांची यात एक खास गाठ आहे. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, जगातल्या पुष्कळ देशांच्या आधी. चांगलीच गोष्ट. पण व्यवहारात तिचा अर्थ झाला ओटीपी, आणि ओटीपीचा अर्थ झाला भारतातलं सिम. परदेशातल्या मराठी घरात एखादा जुना फोन केवळ त्या सिमसाठी चार्ज करून ठेवलेला असतो. नाहीतर सिम पुण्यात आईबाबांकडे असतं आणि 'आई, आत्ता एक मेसेज येईल, तेवढे आकडे सांग' असं रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडच्या नऊ वाजता, व्हॉट्सॲपवर चालतं. सुरक्षेचे सगळे नियम 'ओटीपी कोणालाही सांगू नका' म्हणतात आणि आपली निम्मी बँकिंग व्यवस्था आईला तो वाचायला सांगण्यावर उभी आहे. आईवर अविश्वास नाही. पण तुमच्या एनआरओ खात्यातली प्रत्येक हालचाल, प्रत्येक लॉगिन, बहिणीच्या लग्नासाठी मोडलेली ठेव, हे सगळं तिच्या टेबलावर वाजतं. शिवाय ९० दिवस सिम वापरलं नाही तर ते बंद पडू शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे निरोप एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतात. जानेवारी २०२३ मध्ये सिंगापूरसह दहा देशांतल्या परदेशी नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्यांसाठी यूपीआय खुलं झालं, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली. सुटलेली नाही.

आता पुन्हा सिंगापूर. २०१८ हे वर्ष इथे दोन कारणांनी लक्षात ठेवावं लागतं. २० जुलैला जाहीर झालं, की सिंगहेल्थ या सरकारी आरोग्यसमूहाच्या १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली आहे. नावं, पत्ते, जन्मतारखा, एनआरआयसी क्रमांक. त्यांतल्या १,६०,००० जणांना कोणती औषधं दिली होती तेही गेलं, आणि त्यात स्वतः पंतप्रधान ली सिएन लूंग होते. पंतप्रधानांची औषधं जिथे राहत नाहीत, तिथे तुमची-माझी काय राहणार, असं कोणालाही वाटावं. त्याच ऑक्टोबरमध्ये सिंगपास मोबाइल आलं. आता दुसरी किल्ली सरकारच्या ॲपमध्ये, तुमच्या फोनवर, बोटाच्या ठशानं उघडणारी. पुढे चेहऱ्यानं पडताळणीही आली. राष्ट्रीय ओळख यंत्रणेत चेहरा जोडणारा पहिला देश म्हणून २०२० मध्ये सिंगापूरची जगभर बातमी झाली. आणि ३१ मार्च २०२१ ला वनकी टोकन कायमचं बंद झालं. त्याबद्दल फारसं कोणी हळहळलं नाही. ॲप खरोखरच सोयीचं होतं. आयकर असो की शाळेचा फॉर्म, दोन सेकंदांत काम.

पण वनकी बंद होण्याच्या तीन महिने आधी एक प्रकरण घडलं. ते दुहेरी पडताळणीचं नाही, आणि तरी कोणतंही पडताळणीचं ॲप निवडताना मला तेच आधी आठवतं.

ट्रेसटुगेदर हे करोनाच्या साथीतलं ॲप २० मार्च २०२० ला सुरू झालं. तांत्रिकदृष्ट्या ते विचार करून बनवलेलं होतं. जीपीएस नाही, ठिकाणाची नोंद नाही. दोन फोन जवळ आले, की ब्लूटूथवरून एकमेकांना बदलती, सांकेतिक ओळख द्यायचे. ती नोंद फोनमध्येच २५ दिवस राही आणि तुम्हाला लागण झाली तरच तुम्ही ती आरोग्य खात्याला द्यायची. ज्यांना फोन नको त्यांना छोटं टोकनही मिळे. ज्या पद्धतीवर हे चालत होतं ती सरकारनं सर्वांसाठी खुलीही केली. खासगीपणाबद्दल लोकांनी विचारलं तेव्हा जून २०२० मध्ये मंत्री व्हिव्हियन बालकृष्णन यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, की ही माहिती केवळ संपर्क शोधण्यासाठी. लोकांनी विश्वास ठेवला. सुरुवातीला रेंगाळत, मग मॉलमध्ये शिरायला ते लागणार असं कळल्यावर झपाट्यानं, वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७८ टक्के रहिवासी त्यात आले.

४ जानेवारी २०२१ ला गृहखात्याचे राज्यमंत्री डेस्मंड टॅन यांनी संसदेत एका प्रश्नाला उत्तर देताना सांगितलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस कोणतीही माहिती मागवू शकतात आणि ट्रेसटुगेदर त्याला अपवाद नाही. त्याच दिवशी ॲपच्या संकेतस्थळावरचं गोपनीयतेचं निवेदन बदललं. दुसऱ्या दिवशी बालकृष्णन संसदेत म्हणाले, की आपण ते आश्वासन दिलं तेव्हा ही संहिता आपल्या डोक्यात नव्हती. एका खुनाच्या तपासात ती माहिती मागवलीही गेली होती. फेब्रुवारीत तातडीनं कायदा झाला: सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांखेरीज ही माहिती वापरता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्रणा गुंडाळली तेव्हा माहिती पुसून टाकण्यात आली; त्या एका खुनाच्या प्रकरणातली मात्र ठेवली गेली.

यात कोणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. खुनाचा तपास व्हावा यालाही कोणाचा विरोध नसणार. मुद्दा निराळा आहे. ॲपची घडण उत्तम होती, ते बनवणाऱ्यांचा हेतू सरळ होता, आणि तरी माहिती कुठे जाणार हे ठरवणारा कायदा ॲपच्या बाहेर, आधीपासून, बसलेला होता. ज्या माहितीची नोंदच होत नाही, ती कोणतीही संहिता मागू शकत नाही. गोपनीयतेचं निवेदन आजच्या मालकाचं, आजच्या कायद्यात बसणारं निवेदन असतं. म्हणून 'हे ॲप माझ्या माहितीचं काय करणार' यापेक्षा 'याच्याकडे माझी कोणती माहिती असणार' हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ओसीबीसीवर अन्याय होईल. डिसेंबर २०२१ मध्ये याच बँकेच्या ग्राहकांना बँकेच्या नावानं एसएमएस आले. भामट्यांनी पाठवणाऱ्याचं नाव असं लावलं होतं, की ते खोटे निरोप बँकेच्या खऱ्या निरोपांच्या त्याच साखळीत जाऊन बसले. खाली लिंक. लोकांनी खोट्या पानावर नाव, पिन आणि आलेला ओटीपी भरला. तेवढ्यावर भामट्यांनी स्वतःच्या फोनवर डिजिटल टोकन सुरू करून घेतलं आणि खाती धुतली. ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. काहींची आयुष्यभराची पुंजी होती. बँकेनं पुढे सर्वांना भरपाई दिली. जानेवारी २०२२ मध्ये नवे नियम आले: बँकांनी एसएमएसमध्ये लिंक पाठवायची नाही, नवं टोकन सुरू व्हायला किमान बारा तास थांबायचं. जानेवारी २०२३ च्या अखेरीपासून नोंद नसलेल्या नावानं आलेल्या एसएमएसवर 'बहुधा फसवणूक' असा शिक्का येऊ लागला.

मग भामट्यांनी वाट बदलली. जाहिरातीत सफाईचं काम नाहीतर स्वस्त मासळी दाखवायची, ऑर्डरसाठी 'आमचं ॲप' दुकानाबाहेरून उतरवायला सांगायचं, त्याला पडदा वाचायची परवानगी मिळवायची आणि फोनच ताब्यात घ्यायचा. सुरुवातीला सांगितलेला ऑगस्ट २०२३ चा पहारा त्यावरचा उपाय होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनंही अशा परवानग्या मागणारी, बाहेरून उतरवलेली ॲपं अडवण्याचा प्रयोग जगात आधी सिंगापूरमध्येच केला. ९ जुलै २०२४ ला मॉनेटरी ऑथॉरिटी आणि बँकांच्या संघटनेनं जाहीर केलं, की डिजिटल टोकन असलेल्या ग्राहकांना लॉगिनसाठी एसएमएसचा ओटीपी तीन महिन्यांत बंद होईल.

म्हणजे हे वर्तुळ नाही, घसरण आहे. टोकनला काही कळत नव्हतं. एसएमएसला तुमचा नंबर कळू लागला. बँकेच्या ॲपला शेजारच्या ॲपांची चाहूल लागू लागली. प्रत्येक पायरीला खरं कारण होतं, प्रत्येक पायरीमागे लुबाडलेली खरी माणसं होती. आणि गंमत अशी, की खासगीपणाची सर्वांत जास्त काळजी घेणारी मंडळीच बरेचदा गूगलचं दुकान टाळून ॲप बाहेरून आणतात. त्यांच्यात आणि मासळीच्या जाहिरातीला भुललेल्या आजोबांत पहारेकऱ्याला लगेच फरक करता येत नाही.

बँकेत आणि सिंगपासमध्ये तुम्हाला निवड नाही. तुमच्या आवडीचं पडताळणीचं ॲप तिथे जोडता येत नाही. त्यांचंच घ्यावं लागतं. निवड आहे ती बाकीच्या ठिकाणी: ईमेल, फोटो ठेवायची जागा, कामाची खाती, समाजमाध्यमं. आणि तुमचं ईमेल हाच बाकी सगळ्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा असल्यामुळे ही निवड क्षुल्लक नाही.

इथेही इतिहास बोलका आहे. गूगल ऑथेंटिकेटर २०१० मध्ये आलं, सुरुवातीला त्याचा सोर्स खुला होता, पुढे बंद झाला. तरी बरीच वर्षं ते जुन्या टोकनसारखंच मुकं होतं: खातं मागत नसे, काही पाठवत नसे. फोन हरवला की मात्र सगळं गेलं. लोकांची तक्रार तीच होती, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये गूगल खात्यावर प्रत ठेवायची सोय आली. काही दिवसांतच मिस्क या नावानं काम करणाऱ्या दोन संशोधकांनी दाखवलं, की ही प्रत जाताना दोन्ही टोकांना बंद नसते; म्हणजे मधल्या गूगलला गुप्त आकडे दिसू शकतात. आणि गुप्त आकड्यांसोबत खात्यांची नावंही जातात, कारण जोडताना जो क्यूआर कोड तुम्ही टिपता त्यात कोणत्या सेवेचं, कोणत्या नावाचं खातं हे लिहिलेलं असतं. नुसती ती यादी पाहिली तरी माणूस कळतो: कोणत्या देशातली दलाली पेढी, कोणतं जोडीदार शोधायचं संकेतस्थळ, कोणता दवाखाना. त्याच संशोधकांनी त्याआधी ॲपल आणि गूगलच्या दुकानांतली ऑथेंटिकेटर नावाची काही भुरटी ॲपं पाहिली होती, तेव्हा एक ॲप टिपलेला प्रत्येक कोड आपल्या मालकाच्या आकडेवारीच्या खात्यात पाठवताना सापडलं. अधिकृत दुकानातून घेतलेलं ॲप, बरं का. बँकेच्या पहाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं.

ऑथी हे दुसरं लोकप्रिय ॲप. सोयीचं, प्रत ठेवणारं, पण उघडायलाच फोन नंबर मागणारं. जुलै २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीनं, ट्विलिओनं, मान्य केलं की एका उघड्या राहिलेल्या दारातून ऑथी वापरणाऱ्यांचे नंबर कोणीतरी तपासून घेतले. चोरांच्या यादीत ३ कोटी ३० लाख नंबर होते. गुप्त आकडे गेले नाहीत. गेली ती फक्त 'या नंबरचा माणूस ऑथी वापरतो' एवढीच गोष्ट, आणि नेमक्या माणसाला नेमका खोटा निरोप पाठवायला तेवढी पुरते. सहा आकड्यांच्या गणिताला नंबर लागतच नव्हता, हे आठवा.

याउलट खुल्या सोर्सची काही ॲपं आहेत. अँड्रॉइडवरचं एजिस गुप्त आकडे तुमच्याच फोनवर, तुमच्या पासवर्डनं बंद करून ठेवतं आणि खातं मागत नाही. रेड हॅटचं फ्रीओटीपी तसंच साधं. एन्टे ऑथ प्रत दूरच्या संगणकावर ठेवतं, पण दोन्ही टोकांना बंद करून, त्यामुळे फोन बदलताना त्रास कमी. माझा कल एजिसकडे आहे. पण ज्यांचे आईवडील वर्षातून दोनदा फोन बदलतात त्यांना मी ते सुचवणार नाही. प्रत घ्यायला विसरलं, की खासगीपण शंभर टक्के आणि ईमेल कायमचं बंद. त्यांना एन्टे बरं. ॲप उतरवल्यावर ते काय मागतं तेवढं बघा. क्यूआर टिपायला कॅमेरा मागेल, तो द्या. नंबर, नाववही, ठिकाण मागितलं तर सहा आकड्यांसाठी ते का लागावं, हे त्याला विचारता येत नाही, पण त्याला फोनवरून काढून टाकता येतं.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये आणखी एक वादळ उठलं. कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या एसीआरए या खात्यानं नवं संकेतस्थळ सुरू केलं आणि त्यावर नाव टाकलं की लोकांचे पूर्ण एनआरआयसी क्रमांक फुकट दिसू लागले. चार-पाच दिवसांत तो शोध बंद करावा लागला. सरकारचं म्हणणं असं पडलं, की हा क्रमांक नावासारखाच आहे, तो गुपित मानू नका. लोकांना हे पटायला जड गेलं, कारण सप्टेंबर २०१९ पासून खासगी संस्थांना हाच क्रमांक उगाच मागायला बंदी होती, आणि कित्येक विमा कंपन्या नि दवाखाने आपल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणून त्याचाच भाग वापरत होते. जून २०२५ मध्ये संस्थांना सांगण्यात आलं, की ओळख पटवण्यासाठी किंवा पासवर्ड म्हणून एनआरआयसी वापरणं थांबवा. तुमच्या इनबॉक्समध्ये अशा जुन्या पीडीएफ अजून पडून असतील. इथल्या एफआयएनच्या नाहीतर तिकडच्या पॅन आणि जन्मतारखेच्या पासवर्डनं उघडणाऱ्या. त्यांचं कुलूप आता फक्त ईमेलच्या दाराला आहे, आणि त्या दाराची दुसरी किल्ली कुठे ठेवायची हे तुमच्या हातात आहे. ती जोडताना मिळालेले आठ-दहा राखीव कोड कागदावर उतरवून पासपोर्टांच्या पिशवीत ठेवा. त्या कागदाला बॅटरी लागत नाही.